उजवीकडे जायचे तर डावीकडे वळा

1. पूल बांधला, मग फेरा कशाला?

शहादा, तळोदा, धडगाव भागातले कुटुंब गाडी करून मुंबईला किंवा पुण्याला निघाले की वाटेत कुठेतरी हा वाद होतोच. जायचे असते उजवीकडे आणि पाटी सांगते, डावीकडे घ्या. चालवणारा डावीकडे घेतो, गाडी गोल फिरते, मघाशी खाली दिसणारा रस्ता चाकांखाली येतो आणि ज्यावरून आलो तो पूल डोक्यावर. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणते, "एवढा पूल बांधला, तर सरळ उजवीकडे काढून द्यायला काय झालं होतं?"

प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरात तीन गोष्टी येतात: वळायला जागा किती लागते, चढायला लांबी किती लागते आणि दोन रस्ते एकाच पातळीवर एकमेकांना छेदले की नेमके काय बिघडते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी तोरणमाळला गाडी घेऊन गेलेल्या माणसाला आधीपासूनच माहीत असतात. फक्त त्यांचा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो. म्हणून द्रुतगती मार्गांवर जाण्याआधी सातपुडा चढून येऊ.

2. घाटाचा हिशेब

तोरणमाळ अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 1,150 मीटरवर. शहादा खाली तापीच्या खोऱ्यात, दोनशे मीटरच्याही आत. दोहोंत रस्त्याने सुमारे 55 किलोमीटर. म्हणजे गाडीला साडेनऊशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते आणि त्यातला बराचसा चढ डोंगर लागल्यानंतरचा.

रस्ता बांधणारे चढ मोजतात तो असा: वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, म्हणजे पाच टक्के चढ. भरलेली एसटी बस किंवा मालट्रक या चढाने कुरकुरत का होईना, जाते. या दराने 950 मीटर चढायला 19 किलोमीटर रस्ता हवा. डोंगराची सोंड काही आपल्या सोयीने 19 किलोमीटर सरळ पसरलेली नसते. मग तेवढाच रस्ता घडी घालून त्याच उतारावर बसवावा लागतो. सात पायरी घाटात कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की एकाखाली एक रस्त्याचे पट्टे दिसतात, ते याच हिशेबाचे. जागा कमी आणि उंची जास्त, तर वळणे आली.

आता खुद्द वळण. घाटातल्या अगदी आवळ वळणावर बसचा ड्रायव्हर काय करतो ते पुढच्या सीटवर बसून बघावे. आधी हॉर्न. मग गिअर खाली. मग गाडी वळणाच्या उलट बाजूला, बाहेरच्या कडेला इतकी नेतो की पुढची काच दरीवर आल्यासारखी वाटते. तेव्हा कुठे स्टेअरिंग पूर्ण तोडतो. एवढे करूनही मागचे चाक आतल्या गटाराला घासतच जाते, कारण लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून वाट काढतात. म्हणूनच वळणावर रस्ता मुद्दाम रुंद ठेवतात आणि बाहेरची कड उचललेली असते. चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही अशाच अरुंद रस्त्यांसाठी आहे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेची गर्दी उलटते आणि वर जाणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या समोरासमोर येतात, तेव्हा तो पाळला नाही तर काय होते ते वेगळे सांगायला नको.

भारतीय रस्ते मानकांनुसार डोंगरी रस्त्यावरच्या अशा वळणाची त्रिज्या निदान 14 मीटर हवी आणि तिथला वेग धरलेला असतो ताशी 20 किलोमीटर. या दोन आकड्यांची जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेग दुप्पट केला की त्रिज्या दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते, कारण गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून 20 च्या वेगाला 14 मीटर, 40 ला सुमारे 57 आणि 80 ला सुमारे 230 मीटर. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ या तीन आकड्यांत आहे.

3. चौकातली बत्तीस ठिकाणे

एक साधा चौक घ्या. चार रस्ते आणि प्रत्येकावर येणारी-जाणारी अशी एकेक रांग. प्रत्येक गाडीला तीन वाटा: सरळ, डावीकडे, उजवीकडे. या सर्व वाटा कागदावर काढल्या तर त्या 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात. आठ ठिकाणी वाटा फुटतात, आठ ठिकाणी मिळतात आणि उरलेल्या सोळा ठिकाणी एकमेकींना छेदून जातात.

फुटण्यात आणि मिळण्यात दोन्ही गाड्यांची दिशा जवळपास एकच असते. चुकले तर बहुधा पत्रा चेपतो, आरसा तुटतो. छेदण्यात मात्र एक गाडी दुसरीच्या कुशीत घुसते. सिग्नल या सोळा ठिकाणांवर उपाय म्हणून आला. तो गाड्या जागेने वेगळ्या करत नाही, वेळेने करतो: तुम्ही आधी, ते नंतर. गाड्या थोड्या असतील तोवर हे झकास चालते.

गाड्या वाढल्या की जागेनेच वेगळे करावे लागते आणि तिथे पूल येतो. पण नुसता पूल सोळांपैकी काहीच ठिकाणे मिटवतो, सरळ जाणाऱ्यांची. उजवीकडे वळणारे खालीच राहतात. धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिकला आलेल्या माणसाला याचे उदाहरण द्वारका चौकात मिळते. मुंबईकडे सरळ जाणारा वरच्या उड्डाणपुलावरून निघून जातो, त्याला चौक दिसतही नाही. पुण्याच्या रस्त्याला लागायचे असेल तर खाली उतरा आणि रिक्षा, बस, ट्रक, पायी माणसे यांच्या गर्दीत नंबर लावा. उड्डाणपूल झाला म्हणजे चौक सुटला, असे उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येते. सुटतो तो एकाच रस्त्याचा प्रश्न. दोन्ही रस्त्यांवरच्या गाड्यांना न थांबता हव्या त्या दिशेला जाता येईल अशी सोय केली तरच त्याला इंटरचेंज म्हणायचे.

4. चार पाकळ्या, चाळीस एकर

ती सोय कशी करायची? सर्वात जुने आणि नकाशावर सर्वात देखणे उत्तर म्हणजे क्लोव्हरलीफ, चार पाकळ्यांचा इंटरचेंज. अमेरिकेत आर्थर हेल यांनी 1916 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि 1929 मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिज इथे तो देशातला पहिला म्हणून उभा राहिला. आपल्याकडे चेन्नईचा कठीपारा, 2008 मध्ये पूर्ण झालेला, याच घराण्यातला.

त्याची युक्ती अशी. समजा गाडी उत्तरेकडे चालली आहे आणि तिला पूर्वेला, म्हणजे उजवीकडे जायचे आहे. तिथल्या तिथे उजवीकडे वळली तर समोरून येणाऱ्यांना छेदावे लागेल. म्हणून तिने आधी पुलावरून सरळ पलीकडे जायचे. मग डावीकडच्या गोल रस्त्याला लागायचे आणि डावीकडेच वळत राहायचे: तोंड पश्चिमेला, मग दक्षिणेला, मग पूर्वेला. वर्तुळाचा पाऊण भाग पुरा झाला की ती खालच्या रस्त्यावर डाव्या कडेने अलगद येऊन मिळते. वाटेत तिने एकाही गाडीला छेदले नाही. सोळाची सोळा छेद-ठिकाणे गायब. मागच्या सीटवरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे.

उरलेले अर्धे जमिनीत आहे. 40 च्या वेगाला 57 मीटर त्रिज्या हवी. पाऊण वर्तुळाची लांबी भरते सुमारे 270 मीटर. वरचा रस्ता खालच्याहून किती उंच? खालून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची आणि पुलाच्या गर्डरची जाडी धरली तर साधारण साडेसात मीटर. शंभरात चार मीटर या बेताच्या उताराने साडेसात मीटर उतरायला 190 मीटर लागतात. म्हणजे वळता वळता उतरणे 270 मीटरमध्ये सहज बसते. घाट जे करतो तेच, फक्त सातपुड्याऐवजी मातीच्या भरावावर.

पण असे चार गोल आणि त्यांच्या बाहेरून डाव्या वळणाचे चार रस्ते मांडले तर सगळे मिळून सुमारे 400 मीटर लांब आणि तितकेच रुंद आवार लागते. सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस एकर. शहाद्याच्या केळीवाल्याला विचारा चाळीस एकर म्हणजे काय ते. त्यातूनही वेग मिळतो फक्त 40. त्या गोलांवर 80 चा वेग हवा असेल तर त्रिज्या चौपट, आवार जवळजवळ किलोमीटर बाय किलोमीटर, अडीचशे एकरांच्या घरात. मोठ्या महामार्गाच्या अशा गोलावर, म्हणजे लूपवरसुद्धा '40' ची पाटी का असते, ते यावरून कळावे. ती पाटी शोभेची नाही. पाटीकडे काणाडोळा करून ट्रक लूपवर उलटतात, त्यात दोष ड्रायव्हरचा असतो तसा त्याला वेळेत सावध न करणाऱ्या खुणांचाही.

चार पाकळ्यांचा दुसरा दोष बांधल्यावरच कळला. एका गोलातून आत येणारी गाडी आणि पुढच्या गोलात शिरू पाहणारी गाडी, दोघींना पुलाखालचा तोच आखूड तुकडा वापरावा लागतो. एसटीच्या एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी घुसले की जे होते, तेच. गर्दी वाढली की या तुकड्यात सगळे ब्रेक दाबतात आणि ती तुंबण मुख्य रस्त्यावर मागे पसरते. म्हणून नव्या मोठ्या जंक्शनांवर पूर्ण क्लोव्हरलीफ सहसा कोणी घेत नाही. जमीन महाग आणि पैसा असेल तिथे पुलांवर पूल रचतात. लॉस एंजेलिसमध्ये 1953 पासून पूर्ण वापरात असलेला चार मजली इंटरचेंज हा त्याचा आद्य नमुना. अशा रचनेत आपल्याकडे उजवीकडे जाणारा गिरकी घेणार नाही, उंचावरच्या लांब कमानीने थेट जाईल. फेरा वाचतो आणि त्याची किंमत काँक्रीटमध्ये मोजावी लागते.

5. समृद्धीवरून बाहेर पडताना

नाशिकच्या पुढे इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धी महामार्गावर चढता येते. नागपूर–मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता टप्प्याटप्प्याने उघडला: 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी आणि 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी ते आमणे. कसाऱ्याचा घाट टाळणारा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा याच शेवटच्या टप्प्यात येतो. सगळ्या रस्त्यावर मिळून इंटरचेंज दोन डझनांच्या आसपास, म्हणजे सरासरी तीस किलोमीटरला एक.

इथे दुसरा रस्ता बहुधा छेदून जात नाही, येऊन मिळतो. त्यामुळे चार पाकळ्यांची गरज नाही. एक गोल आणि बाजूचे काही रस्ते पुरतात. वरून पाहिले तर आकार तुतारीसारखा दिसतो आणि अभियंतेही त्याला ट्रम्पेटच म्हणतात. यात एक व्यवहारी फायदा आहे. चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्या वाटा एकाच दांडीत येतात, त्यामुळे टोलनाका एकाच जागी बांधून भागते. जेवढे अंतर तेवढा टोल घ्यायचा, तर प्रत्येक गाडी कुठे चढली आणि कुठे उतरली हे कळायला हवेच.

खरी कसोटी बाहेर पडण्याची. सपाटीवर मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे आणि लूपवर चालायचे आहे 40 ने. अंगाला हिसका न बसता ब्रेक लावला तर वेग दर सेकंदाला सात किलोमीटरने कमी होतो असे धरू. ऐंशीने कमी करायला अकरा सेकंद. या अकरा सेकंदांत सरासरी वेग ताशी 80, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. अंतर झाले सुमारे 245 मीटर. म्हणून बाहेर पडण्याच्या तोंडाआधी डावीकडे एक जादा लेन लांबवर जोडलेली असते. वेग कमी करायचा तो या लेनमध्ये शिरल्यावर, मुख्य लेनमध्ये नाही. पुष्कळ जण नेमके उलटे करतात: मुख्य लेनमध्येच गाडी 60 वर आणतात, मागून 120 ने येणाऱ्याचा जीव टांगणीला लावतात आणि मग शेवटच्या क्षणी डावीकडे कट मारतात.

एक्झिट हुकली तर? पुढची सरासरी तीस किलोमीटरवर, परत येणे तीस. साठ किलोमीटरचे इंधन आणि अर्ध्या-पाऊण तासाची चरफड. यावर कडेला थांबून रिव्हर्स घेण्याचा मोह होतो. घाटात रिव्हर्स घेणाऱ्याला निदान समोरची गाडी दिसते. इथे मागून येणारी गाडी सेकंदाला 33 मीटर अंतर कापत असते.

6. चांदणी चौक: नकाशात न मावणारा

मोकळ्या माळरानावर इंटरचेंज आखणे सोपे. पुण्याच्या पश्चिम वेशीवरचा चांदणी चौक हे शहरी दुखणे. मुंबई–बेंगळुरू महामार्ग टेकडीच्या खिंडीतून जातो आणि त्यावर कोथरूडकडून येणारा पौड रस्ता, मुळशीचा रस्ता, बावधन, पाषाण, एनडीए, वारजे असे सगळे येऊन आदळतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला इमारती, मध्ये एनडीए–पाषाण रस्त्याचा जुना, आखूड पूल, ज्याच्याखाली महामार्ग रुंद करायला वावच नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांचा ताफा इथल्या कोंडीत अडकला आणि जे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते त्याला एकदम गती आली. सामान्य पुणेकराने यातून काय तो अर्थ काढला.

जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुमारे 600 किलो स्फोटके लावून उडवला. नोएडाचे जुळे मनोरे पाडणारीच मंडळी इथे होती. धुरळा बसला तेव्हा दिसले की पूल पुरता पडलेला नाही. आतल्या सळ्यांनी दाद दिली नव्हती. उरलेला भाग यंत्रांनी फोडून रस्ता मोकळा करावा लागला. नवी रचना 12 ऑगस्ट 2023 ला खुली झाली.

इथे एकही देखणी पाकळी नाही. जिथे जशी जागा सापडली तिथे तसा रॅम्प, म्हणजे चढता-उतरता जोडरस्ता, कुठे टेकडी कापून, कुठे महामार्गाखालून, कुठे वरून. मुख्य महामार्ग मोकळा झाला हे खरे. पण सुरुवातीला रोजचे वाटसरूही चुकत होते, कारण कोणत्या गावाला कोणता फाटा हे आधीपासून पाठ असल्याशिवाय कळत नव्हते. इंटरचेंजमध्ये पाटी ही पुलाइतकीच बांधकामाची वस्तू असते. फाटा फुटल्यावर लावलेली पाटी फक्त आपण चुकलो एवढे सांगते.

पायी माणसाचे हाल त्याहून मोठे. चौकाला सिग्नल असतो तेव्हा लाल दिव्यात का होईना, रस्ता ओलांडता येतो. गाड्या न थांबता जाऊ लागल्या की ओलांडणाऱ्याची पाळी कधीच येत नाही. बस पकडायला पलीकडे जाणारे लोक महामार्गातून पळत सुटू लागले, तेव्हा पादचारी पुलाची चर्चा सुरू झाली. रॅम्प आखतानाच तो आखायचा असतो.

7. ठाणे ते शीव

मुंबईत शिरणारा नाशिक महामार्ग माजिवड्याला घोडबंदर रस्त्याशी भिडतो आणि तिथून पूर्व द्रुतगती मार्ग सुरू होतो, शीवपर्यंत सुमारे 24 किलोमीटर. नावात द्रुतगती असली तरी हा मुळात शहराच्या मधोमध जाणारा रस्ता. त्यावर आडवे रस्ते ठरावीक अंतराने येतात: ऐरोलीचा, कांजूरमार्गला जोगेश्वरी–विक्रोळीचा, छेडा नगरला मानखुर्दचा, अमर महलला सांताक्रूझचा. चाळीस एकर सोडा, इथे चार एकर मोकळे मिळणे मुश्कील. म्हणून इथले इंटरचेंज अर्धवट असतात. सर्वात जास्त गाड्या ज्या वळणावर, तेवढ्याच वळणाला पूल, बाकीचे सिग्नलला.

सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता जेमतेम साडेसहा किलोमीटरचा, पण तो एप्रिल 2014 ला खुला व्हायला दशकाहून जास्त काळ गेला. त्यात पूल बांधण्याला लागलेला वेळ दुय्यम. वाटेतल्या वस्त्यांमधल्या हजारो घरांचे पुनर्वसन आणि रेल्वेवरून जाण्याची परवानगी यांनी खरा वेळ घेतला. रस्ता झाला आणि त्याच्या गाड्या अमर महल, छेडा नगरला येऊन साचू लागल्या. त्याआधी 13 जून 2013 ला पूर्व मुक्त मार्ग, लोकांच्या तोंडचा ईस्टर्न फ्रीवे, सुरू झाला होता आणि पुढच्या वर्षी तो घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत आला. त्याचाही ओघ छेडा नगरलाच. अखेर एमएमआरडीएने 2022 आणि 2023 मध्ये तिथे तीन उड्डाणपूल खुले केले: शीवकडून, मानखुर्दकडून आणि सांताक्रूझकडून ठाण्याकडे जाणारे. तिन्ही ठाण्याकडेच, कारण संध्याकाळी शहर रिकामे होते ते त्याच दिशेला.

जमीन नसेल तर समुद्रातून काढायची, हा पश्चिम किनाऱ्यावरचा मार्ग. मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्याला अमरसन्स, हाजी अली आणि वरळी इथे इंटरचेंज आहेत. हाजी अलीच्या रॅम्पांना जी मोकळी वळणे मिळाली, ती भराव घालून जमीन तयार केली म्हणून. सगळ्या प्रकल्पासाठी भरलेली जमीन शंभर हेक्टरांहून जास्त आहे.

पूर्वेकडे आता फ्रीवे छेडा नगरपासून ठाण्याच्या आनंद नगरपर्यंत उंचावरून वाढवण्याचे काम हाती घेतले आहे. त्यात द्रुतगती मार्गाकडेची गुलाबी फुलांची झाडे जाणार म्हणून विक्रोळी-घाटकोपरच्या रहिवाशांनी हरकत घेतली. दक्षिणेला, फ्रीवे जिथे पी. डिमेलो रस्त्यावर ऑरेंज गेटशी संपतो, तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा खोदायचा आहे. दोन्ही झाले की ठाण्याहून निघालेली गाडी सिग्नल न लागता थेट मरीन ड्राइव्हला पोहोचेल आणि आज ऑरेंज गेटला जी रांग लागते तिच्यातला मोठा हिस्सा तिथे, समुद्रासमोरच्या सिग्नलला लागेल.